ओपोबोच्या राजाला दिलेला शब्द

सूर (ओमान), सोमवार, १४ मार्च २०१६

आगबोटीचा भोंगा. रत्नागिरीच्या शाळेत आम्ही चालीवर कविता म्हणत असू आणि बंदरातून तो ऐकू आला की मास्तरसुद्धा ओळ अर्धीच सोडत. आज नात इतिहासाचा प्रोजेक्ट वाचत होती, तेव्हा तोच कानात वाजला.

आफ्रिकेतलं ओपोबो. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात पामतेलाचा व्यापार करणारं राज्य. राजा मुळातला गुलाम, अकलेच्या बळावर वर चढलेला. इंग्रज कॉन्सलने, म्हणजे तिथल्या सरकारी प्रतिनिधीने, त्याला बोलणी करायला बोटीवर बोलावलं, सुखरूप परत जाऊ देईन असा शब्द दिला, आणि तिथूनच हद्दपार केलं. चार वर्षांनी सोडलं, तर बिचारा परतीच्या वाटेवरच मेला.

"बोटीवर गेलाच कशाला? किती स्टुपिड ना, आजोबा," नात म्हणाली. मीही हसलो.

चहाच्या वेळी मुलगा म्हणाला, "बाबा, गुरुवारी रत्नागिरीला जाऊन या. डोळे तपासून घ्या, पंधरा दिवसांत परत."

"परतीचं तिकीट?"

"काढू की. इन्शाल्ला."

सून खाली बघून बिस्किटं मांडत राहिली.

शब्द तर दिलाय त्याने. पोटच्या पोराचा शब्द. राजालाही बोटीची शिडी चढताना काही वाटलं असेल का? की हवा छान होती म्हणून खुशाल चढला? मी माझ्या मागच्या खोलीत जाऊन बॅगेत पंधरा दिवसांचेच कपडे भरले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ, दुक्म बंदरातून इथे बदली होऊन आलेले, हातात मोजपट्टी.

"काका, मागची खोली बघायची होती. घरचे साहेब म्हणाले, शुक्रवारपासून रिकामी आहे."