फोडणीचा खोकला

१४ डिसेंबर १९७७
सरकारी नोकरांचा संप सुरू. कचेरीच्या फाटकावर सकाळपासून घोषणा. समोर आपल्या हॉटेलात मात्र गर्दी — कचेरी बंद असली तरी भाऊसाहेब लोकांची भूक कामावर हजर! संपाच्या मांडवातनं उठतात, मिसळ खातात, वर झणझणीत कट मागून घेतात, परत जाऊन बसतात. मी गल्ल्यावरनं म्हणालो, "बसा निवांत. तुम्ही आत असला काय न् बाहेर असला काय, गावाचं काय अडतंय?"
सगळे हसले. एक बाई तेवढी हसली नाही. नंदिनीबाई, क्षयाच्या सरकारी दवाखान्यातल्या. पेशंट चुकला की त्याच्या घरी जाऊन हुडकायचं, हे त्यांचं काम. असल्या कामाला पगार! आपल्याला मिसळीची हातगाडी ओढताना कोण आलं नव्हतं हुडकायला.

१७ डिसेंबर
आमचा आचारी सिद्धाप्पा कटाचं पातेलं घेऊन भट्टीवरनं बाहेर आला, नंदिनीबाईंना बघितलं आणि भरल्या पातेल्यासकट मागं वळला. त्यांनीही बघितलं. पाव तसाच ठेवून गेल्या.
मी विचारलं, "वळख हाय व्हय रं?"
"न्हाय. कोण की."
सिद्धाप्पा खोटं बोलताना कढईकडं बघून बोलतो. हातगाडीपासून माझ्याबरोबर आहे, मला कळत नाही होय? पण काय ते उमगेना. दिवसभर चैन नाही.

१९ डिसेंबर
सिद्धाप्पा गेला. आमच्या बायकोला, विमलाला म्हणाला, "वैनी, भनीकडं जाऊन येतो." मला सांगितलं नाही. भट्टीवर मीच उभा. कट बिघडला. एक गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं, "पावणं, आज मिसळ आजारी हाय काय?"

२२ डिसेंबर
नंदिनीबाईंनी मला हॉटेलामागं बोलावून घेतलं. म्हणाल्या, असं कुणाचं सांगायचं नसतं, पण तुम्ही त्याचे मालक. सिद्धाप्पाला टीबी आहे! भाद्रपदापासून त्यांच्याकडं इंजेक्शन घेतोय. पत्ता दिला होता भलत्याच पेठेतला. जरा बरं वाटलं, अंगावर मांस आलं, आणि यायचा बंद झाला. त्या दोनदा त्या पत्त्यावर जाऊन आल्या, तर तिथं तालीम. मग संप लागला.
"एवढा खोकत होता, तुम्हाला ऐकू नाही आलं?"
काय सांगू? मिसळीची फोडणी पडली की आमच्याकडं सगळेच खोकतात. मी खोकतो, विमला खोकते, रस्त्यावरनं जाणारा खोकतो. खोकला आला की मसाला जमला म्हणायची आमची पद्धत. चार टेबलं पलीकडची कुजबुज मला ऐकू येते. आणि हे नाही!
मी चिडून म्हणालो, "मग संप सोडा आणि जावा की त्याच्या मागं."
त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्यावाचून काय अडतंय, असं परवा तुम्हीच म्हणालात."

२६ डिसेंबर
एसटीनं शिरोळच्या पलीकडं त्याच्या बहिणीच्या गावी गेलतो. रत्नव्वानं गूळपाणी दिलं. "तम्मा हितं न्हाई अण्णा," म्हणाली, आणि डोळ्यांनी उसाकडं दाखवलं. धाकट्या भावाला ती कानडीत तम्मा म्हणते. मला बघून तो उसात शिरला होता.
बांधावर उभं राहून मी उसाशी बोललो. येणारे-जाणारे बघत होते. "सिद्धाप्पा, भाईर ये. खाजगी डाक्टरकडं नेतो."
मग आतनं खोकला आला. तिथं भट्टी नव्हती, मिरची नव्हती. नुसता खोकला. कोरडा, लांब. ऐकवेना.
"मालक, जावा तुम्ही. गावात कळलं तर आपल्यात कोण खाईल?"
"नगं खाऊ दे!"
म्हणालो खरं. पण बाईंनी सांगितलं तेव्हा माझ्याही मनात आधी गिऱ्हाईकच आलं होतं. वहीच्या पानाला कशाला खोटं सांगू?

४ जानेवारी १९७८
मोठ्या खाजगी डॉक्टरांकडं गेलो. म्हणाले, "औषध आहे की. वर्षभर नेमानं घेतलं तर माणूस खणखणीत होतो. पेशंट आणा."
"यायचाच न्हाय म्हणतोय."
"मग मी काय गावोगाव हुडकत हिंडू?"
त्यांचंही बरोबर.

१७ जानेवारी
रत्नव्वाचा निरोप. थुंकीतनं रक्त पडलं.

१८ जानेवारी
मांडवात गेलो. सगळ्यांसमोर नंदिनीबाईंना हात जोडले. त्यांनी बाजूला नेलं. म्हणाल्या, "मालक, मलाही झोप नाही. पण एका माणसासाठी मी उठले, तर असला एकेक माणूस इथल्या प्रत्येकीकडं आहे. मग संप कसला?" वर म्हणाल्या, "आमच्या घरी पण चूल आहे हो."
भांडायला गेलतो. परत येताना मांडवाला चहाची किटली पाठवून दिली.

२९ जानेवारी
आज परत गावी जाऊन आलो. ऊस तुटलाय, तर तो आता रानातल्या खोपीत राहतो. आतनं कडी. फार बारीक झालाय म्हणे.

७ फेब्रुवारी
संप मिटला. भाऊसाहेब खुर्च्या झाडतायत. नंदिनीबाई सकाळीच दारात — "चला, पहिली एसटी गाठू."

८ फेब्रुवारी
काल दमलो, आज लिहितो.
बाईंनी मायेनं समजावलं नाही, का रागावल्या नाहीत. खोपीच्या दाराशी पिशवी ठेवली आणि दगडावर बसल्या. "सिद्धाप्पा, मी आले."
"जावा बाई. मी मेलो म्हणून लिवा."
"तसं लिहिता येत नाही, बघावं लागतं. आज नाही उघडलं तर उद्या येते. उद्या नाही तर परवा. मला यायचाच पगार आहे. तू दमशील, मी नाही दमणार."
मी दोनदा आलो ते जीव तुटला म्हणून. पण भट्टी सोडून मी रोज कसा येणार? त्या येणार होत्या. सिद्धाप्पालाही ते कळलं असावं. कडी निघाली. आत माणूस कसला, कापडं उभी होती.
त्याला एसटीत मधे बसवून आणला. वाटेत त्या त्याला शिव्याच घालत होत्या, आणि तो दवाखान्याच्या दारापर्यंत "व्हय बाई, व्हय बाई" करत होता.

१२ फेब्रुवारी
आमच्या मागच्या खोलीत ठेवलाय. विमला वेगळं ताट लावते. भट्टीवर जाऊ देत नाही. बाईंनी सांगितलं, हॉटेलातल्या सगळ्यांची थुंकी तपासायची. मी म्हणालो, "मला कशाला? मला काय धाड भरलीय?"
"डबी धरा," म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी
विमलाचं काही नाही. हॉटेलातल्या पोरांचं काही नाही. माझ्यात निघालं.
सिद्धाप्पानं खोलीतनंच ऐकलं. म्हणाला, "मालक, सकाळी संगं जाऊ. पयल्यांदा सुई दुखती."