अगदी तिच्यासारखी

सोमवार, ४ तारीख
आजपासून दवाखान्यात नवीन कामावर. मोठ्या सिस्टरने आम्हा आयांना एकेक वही दिली आणि रोज आपली तब्येत दोन ओळींत लिहून ठेवायला सांगितलं. मी चौथीत शाळा सोडली, पण दोन ओळींना काय जातंय? वॉर्ड झकास आहे. सहा खाटा, मोठ्या खिडक्या. पेशंटांच्या मेंदूला सूज आहे. कशाने, ते कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात व्हायरस असणार, पण पाठीतलं पाणी काढून तपासलं तरी हाती काही लागत नाही. एवढं शिकून ही तऱ्हा. लेक म्हणाली, आई, तुला धीर नसतो, तिथे मास्क काढू नकोस. मी म्हटलं, तू तुझं शिवणाचं मशीन सांभाळ. घरात दोघीच, तरी हिचा रुबाब सासूचा.

बुधवार, ६
खिडकीजवळचा ट्रकवाला बायकोला ओळखत नाही. ती बिचारी रोज येऊन बसते आणि हा सगळ्यांना सांगतो, आवाज तिचा, डोळे तिचे, पण ही ती नव्हे, हिला बाहेर काढा. मला मात्र ओळखतो. सिस्टर म्हणाली, या सुजेत आधी सगळ्यात जवळचं माणूस परकं होतं. जळक्या दुधाचा वास येतो म्हणून त्याची भुणभुण वेगळीच. वॉर्डात दूध तापवतच नाहीत.

गुरुवार, ७
आज त्याची बायको रडली आणि माझं डोकं फिरलं. सगळे तोंडं बांधून पुढे उभे, माणूस ओळखणार कसा? सिस्टर जेवायला गेल्यावर तिला मास्क काढायला लावला, माझाही काढला. त्याचं डोकं धरून म्हटलं, बघ नीट, कोण आहे. तिला बघून तो किंचाळला आणि आम्हा दोघींच्या तोंडावर खोकला. तोंड धुतलं. कुणाला बोलले नाही, नोकरी अजून पक्की व्हायचीय.

बुधवार, १३
ट्रकवाला गेला. आज त्याच्या बायकोलाच खाटेवर आणलं. भाऊ सोबत होता. हा माझा भाऊ नव्हे, म्हणते.

गुरुवार, १४
डोकं ठणकतंय. दूध करपवलंस म्हणून लेकीला झापलं. ती म्हणाली, आज दूध आणलंच नाही. पातेलं हुंगलं. घासलेलं, कोरडं.
सिस्टरला सांगायला हवं. उद्या सांगते.

शनिवार, १६
सांगितलं नाही. घरीच पडून आहे. लेक कपाळावर पट्ट्या ठेवते. बोटांवर सुईच्या खुणा आहेत, म्हणजे हात तिचाच. मी मुद्दाम बघते. हे काय चाललंय ते मला कळतंय, सूज आहे. ती माझी लेक आहे. लिहून ठेवते, ती माझी लेक आहे.

रविवार
तिला म्हटलं, माझ्याजवळ थांबू नकोस, मावशीकडे निघून जा. म्हणे, तुला टाकून कुठे जाऊ. मास्क लाव म्हटलं तर तेही नाही. म्हणते, तोंड झाकलं तर तू मला ओळखायची नाहीस.

सोमवार
चालणं तसंच. वेणी तशीच. कुणी शिकवलं असेल हिला —
माझी लेक असती तर गेली असती. मी जा म्हटलं होतं. ही गेली नाही.

मंगळवार
दाराला कडी लावलीय तिने. म्हणते दवाखान्याची गाडी येतेय. माझ्या पोरीचा ड्रेस अंगात. पोर कुठाय विचारलं की रडते. रडणंसुद्धा अगदी —
मशीनवरची कात्री उशीखाली घेतली.
आधी गोडीत विचारणार. पोरीला कुठे ठेवलंस, एवढंच. पाणी घेऊन येतेय. खोकतेय. बसली शेजारी, आई म्हणाली. मला. हिने सांगितलं तर सोडून देईन, नाही सांगितलं तर मी