आतल्या चाकाचे नट

४ फेब्रुवारी

वहिनीने दादाचा पिकअप ओढून आणला. सात महिने ताडपत्रीखाली पडून होता. मला वाटलं होतं भंगारात जाईल. कसलं काय!

"भाऊजी, मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं बसवून द्या. फरशांच्या खेपा आता मी मारणार."

म्हटलं, विकून टाक की. तर म्हणे, "आणि मी काय करू? घरात बसून भिंती मोजू?"

दादाचं उजवं मागचं चाक उतारावर निखळून पळालं आणि गाडी कठड्यावर गेली. दादा जागीच गेला. कारण विचारायला येईल त्याला मी एकच सांगितलं — माल जास्त भरायचा, ऐकायचा नाही. वहिनीलाही तेच सांगितलं. म्हणूनच तिला दोन चाकं हवीत. एक दगा देईल तर दुसरं तोलेल.

७ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडे दुहेरी चाकांच्या गाडीचा अख्खा मागचा एक्सल मिळाला. लोकांना वाटतं, आहे त्या चाकाला बाहेरून आणखी एक चिकटवलं की झालं. असं चिकटवून देणारेही आहेत, त्यांना माझा दुरून नमस्कार. एक्सल, चाक ज्यावर बसतं तो हब, कमानीचे पाटे, ब्रेक — सगळं बदलायचं. रिम मात्र चांगले मिळाले. फक्त उजवीकडचे दोन गंजलेत.

११ फेब्रुवारी

जुना एक्सल उतरवला. गाडीत बसलो तर पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट अजून दादाच्या मापाने मागेच. पुढे सरकवायला हात गेला, पण खटका ओढवेना. तसाच उतरलो.

१२ फेब्रुवारी

गंजके दोन रिम वहिनीने घासून रंगवले. आतून, बाहेरून, दोन-दोन हात. "ती बाजू नीट हवी," म्हणाली. गालावर रंगाचा ठिपका घेऊनच घरी गेली.

१७ फेब्रुवारी

दुसरा एक्सल चढवला! मडगार्ड रुंद केले, बसले एकदाचे. दुपारी चाकं लावली, नट एकेक करून समोरासमोरचे आवळले, लांब पान्यावर सगळं वजन टाकून. मागून पिकअप आता पैलवानासारखा दिसतो. दादा असता तर चारदा प्रदक्षिणा घातली असती.

१८ फेब्रुवारी

सकाळी वाळूची पोती भरून फिरवून आणला. आल्यावर पाना लावला. उजवीकडचे नट ढिले. सगळे! डावीकडचे जसेच्या तसे.

आवळले.

१९ फेब्रुवारी

आजही फिरवून आणला. पुन्हा उजवीकडचेच.

२० फेब्रुवारी

पुन्हा. फेरी मारून आलो की पाव पाव फेरा ढिले.

काल मी स्वतः आवळले, वहिनी शेजारी उभी होती. गॅरेजला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. कुणाचा हात लागणार? आणि नेमकी तीच बाजू! वहिनीला काही बोललो नाही. गाडीखाली पडल्या पडल्या तोंडातून निघून गेलं, "दादा, काय हवंय तुला?" आणि मग चक्क कान देऊन पडून राहिलो. पंचेचाळिशीचा बाप्या मी. नटांना खडूने खुणा केल्या.

२१ फेब्रुवारी

फिरवून आणला, खुणा सरकल्या. पाचावर धारण बसली माझी. वहिनीची पहिली खेप सोमवारी आहे. काय सांगू तिला? तुझा नवरा नट सोडवतो?

उस्तादांना बोलावणं धाडलं. दादा आणि मी दोघं त्यांच्याच हाताखाली शिकलो. उद्या येतो म्हणाले.

२२ फेब्रुवारी

उस्ताद आले. भूतबीत मी काढलंच नाही, नट ढिले पडतात एवढंच सांगितलं. दोन्ही उजवी चाकं उतरवायला लावली. आतलं चाक जिथे हबला टेकतं आणि बाहेरचं जिथे आतल्याला टेकतं, तिथे स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं. रंगाची साल निघाली. जाड.

"हे कुणी केलं रे?"

"वहिनीने. हौसेनं."

"तिला काय ठाऊक असणार! पण तू आंधळा होतास का लावताना? टेकायच्या जागी रंग लावायचा नसतो. भार पडला की रंग चेपतो, नट सैल होतात. दोन चाकं लाव नाही तर दहा. कोरं लोखंड कोऱ्या लोखंडावर बसलं पाहिजे. किती वेळा सांगितलंय?"

खरवडून कोरं केलं. लावली. फिरवून आणलं. एकही नट हलला नाही. उस्ताद चहा पिऊन, मला दोन शिव्या हासडून गेले.

दादा नव्हता तर. हसू यायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही ते आज लिहितो.

गेल्या वर्षी दादाने नवे टायर घेतले तेव्हा त्याच्या गाडीचे रिम मी रंगवले होते. त्याला न विचारता, खूश होईल म्हणून. आतून, बाहेरून, टेकायच्या जागीही. पुरते वाळायच्या आत नट आवळले, कारण दारात आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. जरा चालवून परत आवळून घे, एवढंही बोललो नाही. दादाने चाकांकडे बघून माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

आठव्या दिवशी चाक निघालं.

आणि मी दारोदार सांगत फिरलो, माल जास्त भरायचा.

२४ फेब्रुवारी

उद्या सोमवार. खेप मारायच्या आधी तिला सांगायचं. नंतर तोंड उघडणार नाही, मला माझी खात्री आहे. फार तर काय होईल? तोंड बघणार नाही माझं. बघूच नये.

२५ फेब्रुवारी

सांगितलं. सगळं. रंग, घाई, माझी थापेबाजी. वहिनी फरशांच्या थप्पीवर बसून ऐकत होती. रडली नाही.

मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी हे गाडी घेऊन तुमच्याकडेच निघाले होते, भाऊजी. 'मागचं चाक वाजतंय, धाकट्याला दाखवून येतो.' मीच म्हटलं, आधी एवढी खेप टाकून या."