लेखनिकाचे चार प्रसंग

४ मार्च

चि. भुंग्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र येऊन महिना झाला. त्या अंधाऱ्या खोलीत फिल्म कापता कापता घरचा पत्ताही कापून टाकलास की काय?

इकडे बाबांनी उच्छाद मांडलाय. न्हावी, शिंपी, खालच्या मजल्यावरच्या बाई, एकालाही सोडलेलं नाही. तुमच्या चित्रपटात ते संगीतकाराचे लेखनिक झालेत आणि चार प्रसंगांत आहेत, हे आता गल्लीतल्या मांजरालाही पाठ झालंय. तू त्यांना नेलं होतंस नायकाला लेखणी कशी धरायची ते शिकवायला, आणि दिग्दर्शकांनी त्यांची वाकलेली पाठ बघून तिथल्या तिथे जुन्या काळचा कोट चढवून त्यांनाच कॅमेऱ्यासमोर बसवलं, ही गोष्ट मी स्वतः अठरा वेळा ऐकलीय. दर वेळी दिग्दर्शक आधीपेक्षा जास्त थक्क होतात.

हसते मी, पण समजतं मला. वाद्यवृंदाच्या सभागृहाखाली तळघरात चाळीस वर्षं बसून त्यांनी दुसऱ्यांच्या रचनांची स्वरलिपी उतरवली. एकेका वादकासाठी वेगळी वही, आणि पान संपायचं ते नेमकं अशा जागी, जिथे ते उलटायला त्याचा हात मोकळा असेल. टाळ्या व्हायच्या त्या वर. त्यांच्यापर्यंत नुसती छताची धूळ यायची.

आता खरं काम. बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांच्या नजरेतलं मधलं जातंय, कडा शिल्लक आहेत. माझा चेहरा बघायचा तर ते माझ्या कानाकडे बघतात. दिवसभर मी दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासते, आणि याला काच नाही. वर्षअखेरीस उजेड आणि अंधार एवढंच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा चित्रपट कधी लागतोय ते कळव. त्यांना कडेची खुर्ची हवीय. तिथून वाकडी मान करून स्वतःला नीट बघता येईल असा त्यांचा हिशेब आहे.

बाकी ठीक. लोभ असू दे, आणि अधूनमधून पत्रही असू दे.

तुझी
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतचं वेगळं पान बाबांना वाचून दाखव. त्यात नुसतं हवापाणी आहे. हे पान तुझ्यापुरतं.

चित्रपट तीन तास दहा मिनिटांचा झाला होता. निर्मात्यांनी बजावलं, दोन तासांवर एक मिनिट चालणार नाही. पाच आठवडे आम्ही कापतोय. लेखनिकाचे चारही प्रसंग गेले. आजारी संगीतकार सांगतोय आणि बाबा लिहून घेतायत, तो गेला. कागद कोटाच्या आत धरून जिना चढतात, तो गेला. रचनेत एक स्वर चुकलाय हे लक्षात येतं, सांगायला दारापर्यंत जातात, आत तो माणूस तापाने फणफणलेला बघून परत फिरतात आणि चूक आपल्या हाताने सुधारतात, तोही गेला. तो तर किती सुंदर होता, ताई. आणि शेवटचा, संगीतकार गेल्यावर उरलेलं पान पुरं करतात तो. आता पडद्यावर त्यांचा खांदासुद्धा दिसत नाही.

असं ठरलं आणि तसं झालं. बाबांना कसं सांगायचं ते मला सुचत नाही. तूच काहीतरी कर.

तुझा
भुंग्या

२७ मार्च

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

तूच काहीतरी कर! लहानपणी खिडकीची काच फोडून आलास तेव्हाही हेच म्हणाला होतास.

मी काही करणार नाही. करायचं ते तू. तू तिथे आहेस, कात्री तुमच्या हातात आहे. दिग्दर्शकांच्या पाया पड, निर्मात्यांच्या दारात बस. चार नको, एक प्रसंग ठेवा म्हणावं. तो जिन्याचा ठेवा, त्याला कितीसा वेळ लागतो? तेही जमत नसेल तर कापलेले तुकडे मागून घेऊन ये. भिंतीवर चादर लावू. मशीन भाड्याने आणू. त्यांना काय, आपण दिसलो म्हणजे झालं. पण लवकर, भुंग्या. कालपासून ते कपात चहा ओतताना आवाजावरून अंदाज घेतायत.

नवा कोट शिवायला टाकलाय त्यांनी. आमच्या दुकानातल्या तिघी त्यांच्याबरोबर येणार आहेत. तुझं हवापाण्याचं पान मी वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तारखेचं काहीच लिहिलं नाही का त्याने?

वाट बघते. माया आहे म्हणूनच रागावते.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिग्दर्शकांना दोनदा भेटलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं, बाबांची तब्येत विचारली, आणि आता आपल्या हातात काही नाही म्हणाले. निर्मात्यांनी आत घेतलंच नाही.

मग तुकड्यांच्या मागे लागलो. कापलेली फिल्म आमच्याकडे पोत्यांत भरून गोदामात जाते, आणि तिथून चांदी काढायला. फिल्मवर थोडी चांदी असते, ती औषधात धुऊन काढून घेतात. मी गोदामात पोचलो तेव्हा आमची पोती चार दिवसांपूर्वीच गेली होती. धुण्याच्या जागीही जाऊन आलो. टाकीशेजारी पारदर्शक, कोऱ्या फिल्मचा ढीग पडला होता. हातात घेऊन उजेडात धरली. आरपार दिसत होतं. फोटो असतील म्हणून विचारलं, तर फोटो काढणाऱ्याने फक्त नायक-नायिकेचे काढलेत.

ताई, चित्रपट बंद पडला असं बाबांना सांगू या का? असं पुष्कळदा होतं. सगळ्यांचंच काम वाया गेलं म्हटल्यावर त्यांना तितकं लागणार नाही. रागावू नकोस, मला दुसरं सुचत नाही.

तुझा
भुंग्या

२ मे

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील, सांभाळून घे. चाळीस वर्षांत माझ्या हातून असं पान गेलं नव्हतं. ताईला न सांगता लिहितोय. ती दुकानात गेलीय. पाकीट खालच्या बाई टपालात टाकतील.

चित्रपट बंद पडला असं ताईने सांगितलं. पोरीला खोटं बोलता येत नाही, आईवर गेलीय. तरी मी मान डोलावली. पण परवा वाद्यवृंदातले आमचे बासरीवाले आले. तुमच्या शहरात निमंत्रितांसाठी त्या चित्रपटाचा खेळ झाला, तो बघून आले होते. फार वेळ माझ्याजवळ बसले. संगीताची तारीफ केली, नायकाची केली, दिव्यांच्या झुंबरांचीसुद्धा केली. माझ्याबद्दल काही म्हणतील म्हणून मी थांबलो होतो. मग त्यांनी पाणी मागितलं आणि निघून गेले. म्हटलं, समजलो.

दुःख करून घेऊ नकोस. मला दोनच गोष्टी विचारायच्यात, त्याही एका कारागिराने दुसऱ्याला विचाराव्यात तशा. माझं काम वाईट झालं होतं का? आणि ते काढायचं हे कोणाला सुचलं? मला गोड लागेल असं लिहू नकोस. खरं लिही. ताईकडून वाचून घेईन.

प्रकृतीला जप. डोळ्यांना विश्रांती देत जा.

तुझे
बाबा

९ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काम वाईट नव्हतं. तुम्ही अभिनय करतच नव्हता, लिहीत होता, आणि तेच बघावंसं वाटायचं.

दुसऱ्याचं उत्तर असं. त्या दिवशी खोलीत आम्ही तिघं होतो, दिग्दर्शक, आमचे संकलक आणि मी. दिग्दर्शकांनी विचारलं, काय काढलं तर काढलंय हे कोणाला कळणार नाही? मी म्हणालो, लेखनिक. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. दिग्दर्शक उलट म्हणाले, की अरे, तुझे वडील आहेत ते. मी म्हणालो, काढून बघू या.

काढून बघितलं. संगीतकार अंथरुणावर पहिली ओळ गुणगुणतो आणि लगेच भरलेलं सभागृह, शंभर वादक, तीच ओळ. मधे ते कागद कोणी लिहिले, हे कोणी विचारत नाही. तीनदा लावलं. कुठेही अडखळलं नाही. बाबा, वाईट मला नंतर वाटलं. आधी बरं वाटलं, जोड जमला म्हणून.

ताईला मी नुसतं ठरलं असं लिहिलं होतं. तिलाही हे आजच कळेल. मला क्षमा मागायची आहे. रजा मिळाली की येतो.

आपला
भुंग्या

१७ मे

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी त्यांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. मधलं गाळावं असं फार वाटलं, पण ते माझ्या कानाकडे बघत बसले होते. जोड जमला ती ओळ त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाले, की पोराला काम येतं. मी असतो तरी हेच काढलं असतं. पोटभर जेवले. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी शिंपी कोट घेऊन आला. घालून बघा म्हणाला, चित्रपट कधी लागतोय विचारलं. बाबा म्हणाले, कुठला चित्रपट? शिंपी हसला, त्याला थट्टाच वाटली. तेव्हा बाबांनी अगदी शांतपणे त्याला सांगितलं, की मी कुठल्या चित्रपटात नव्हतो, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. तो माझ्याकडे बघायला लागला. मी कोटाची घडी घालत राहिले.

तेव्हापासून असंच चाललंय. न्हाव्याला हेच सांगितलं, खालच्या बाईंना हेच. काल मी चिडून म्हणाले, की मी तुमची बॅग भरली होती, तुम्ही आठ दिवस तिकडे राहून आलात. त्यावर म्हणाले, हो, भुंग्याकडे गेलो होतो, त्याच्या खोलीत ओल फार आहे. विसरलेत असं समजू नकोस. रोजची औषधं, भाड्याची तारीख, वाद्यवृंदातल्या माणसांच्या खोडी, सगळं लख्ख आठवतंय. तुझ्यावर राग नाही, हे कळव म्हणाले. कळवलं.

मी तुझ्यावर रागावणार होते, पण आता ते कोणासाठी रागावायचं तेच कळेनासं झालंय.

रजा मिळाली तर ये. तुला जवळ बसवतील, प्रवास कसा झाला विचारतील. फक्त क्षमा मागू नकोस. कशाची म्हणून विचारतील, आणि त्यांच्या तोंडावर सांगायची वेळ तुझ्यावर येईल.

लोभ आहे तसाच आहे.

ताई