तिसऱ्या अंकातला वन्स मोअर

बाई,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. मला काय वाटलं ते नंतर.

१. गेल्या शनिवारी पनवेलच्या नाट्यगृहात मी आपल्या नाटकातली राणी शेवटची केली. मी ही भूमिका सोडते आहे, हे पडदा उघडण्याआधी जाहीर झालं होतं.
२. तिसऱ्या अंकात राणी राजवाडा सोडून जाते ते पद झालं. मी विंगेत आले.
३. वन्स मोअर आला. तो थांबेना.
४. ऑर्गनवाल्या काकांनी मला न विचारता पद पुन्हा सुरू केलं.
५. मी परत रंगमंचावर गेले आणि सगळं पद पुन्हा म्हटलं.

पाचवी गोष्ट दहा वर्षांत कधी झाली नव्हती. तुमच्या वेळीही नाही. बाकी कुठल्याही पदाला वन्स मोअर घे, या पदाला नाही, हे तुम्ही मला या पदाच्या पहिल्याच तालमीत सांगितलंत. "घर सोडून गेलेली बाई टाळ्या पडल्या म्हणून परत येते होय? गेली ती गेली." मी तेव्हा इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला हा नियम ताबडतोब आवडला, कारण त्याला कारण होतं. उरणकडच्या गावांत लोकांना तो पाठ झाला होता. ते तरीही ओरडायचे. राणी येत नाही याची खात्री करून घ्यायचे आणि समाधानाने बसायचे.

सोडण्याचं कारण लोक विचारतात तेव्हा मी शिफ्ट सांगते. ते खोटं नाही. तळोज्याच्या कारखान्यात मी दाबमापकं तपासते, म्हणजे प्रत्येक काटा खऱ्या मापाशी ताडून बघते, आणि आता आठवड्याआड रात्रपाळी लागते. पण शिफ्ट बदलून मिळाली असती, मी मागितली नाही. खरं कारण असं की गेलं वर्षभर ते पद म्हणताना माझ्या मनात उद्याच्या कामाची जुळवाजुळव चालायची. सूर जागेवर, श्वास जागेवर, लोक डोळे पुसतायत, आणि मी विचार करतेय की बॉयलरजवळचा काटा बदलायला हवा. हे बरोबर नाही असं मला वाटलं. आणि राणी करायची नसेल तर राणीसारखंच जावं, मागे न बघता, असंही वाटलं. म्हणजे माझं जाणंसुद्धा तुमच्या त्या नियमावरच उभं होतं. हे मला शनिवारपर्यंत कळलं नव्हतं.

तुमचं मोरा बंदरातलं स्वयंपाकघर मला नीट आठवतं. तुम्ही पाटावर बसून कोलंबी सोलताय, मी उंबऱ्याशी उभी राहून म्हणतेय. खिडकीतून धक्क्यावरच्या लाँचचा आवाज येतोय आणि त्याच्यावर आवाज काढ, असा तुमचा आग्रह आहे. तुम्ही शाळेत शिकवताना आणि रंगमंचावर एक भाषा बोलायचात आणि घरात दुसरी. रागावलात की घरची यायची. "गातेस का मोजतेस गो? तुझी बोटं बघ. मांडीवर मोजतंय कोन?" मी बोटं मागे लपवली. "आता पाटीमागं मोजंल," असं तुम्ही कोलंबीला सांगितलंत. मग मला ऐकवायला म्हणून ते पद स्वतः म्हटलंत. एकदा नाही. तिन्हीसांज होईपर्यंत म्हणत होतात, मध्ये सुरी धुतलीत, आमटीला फोडणी दिलीत, परत म्हटलंत. वरचा सूर दरवेळी लागत होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ती दुपार, अलिबागच्या प्रयोगाची. मी कोरसमधली दासी. तुम्ही रंगपटात मला आरशासमोर बसवलंत, माझ्या तोंडाला स्वतः रंग लावलात आणि म्हणालात, "आजपासून तू." मी विचारलं, तुम्ही? "मी काय, बघेन समोर बसून." त्यानंतर दोन वर्षं तुम्ही समोर बसलात, सत्कारालासुद्धा वर चढला नाहीत, आणि मग आजारी पडून गेलात. मी ते तुमचं तत्त्व समजले. मला ते फार मोठं वाटलं होतं.

शनिवारी प्रयोग संपल्यावर माझ्या जागी येणारी मुलगी माझा मेकअप काढायला आली. ती कामोठ्याची, बीकॉमला आहे, सहा महिने पद पाठ करतेय आणि बोलायला घाबरत नाही.

"ताई, एक विचारू? तुम्ही जाताय की येताय?"

"जातेय."

"नाही, परत आलात म्हणून विचारलं. मी राणी करणार, असं माझ्या आईने अख्ख्या सोसायटीला सांगितलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर नेसायची साडीपण काढून ठेवलीय."

मी हसले नाही बहुतेक. मग तिने हळूच विचारलं, "आणि मला आला वन्स मोअर, तर घ्यायचा का?"

दुसऱ्या दिवशी मी काकांना स्टँडजवळच्या हॉटेलात गाठलं. नियम माहीत असून पद पुन्हा का वाजवलंत, असं विचारलं. ते बशीत चहा ओतत होते.

"अगो, नियम कसला? तिचा दम पुरत नव्हता. वरचा सूर एकदा लागायचा, दुसऱ्यांदा चिरायचा. मंग तिनंच काढलं ते, गेली ती गेली. बोलायला हुशार होती ना बाय."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू इचारलंस कवा? आनि तुला तर दम हाय. मला वाटलं, जातेच हाय पोर, तर एकदा होऊन जाऊ दे."

काकांना तालमीचा दिवस आठवत नाही, पण कोणाचा सूर कुठे चिरला ते आठवतं. म्हणून मी ते सोडून देऊ शकत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात तो सूर दरवेळी लागत होता, हे मी स्वतः ऐकलंय. पण तिथे तुम्ही बसलेल्या होतात, पट्टी खाली होती, अंगावर शालू नव्हता, आधीचे दोन अंक झालेले नव्हते. ही दोन मापं एकमेकांशी ताडता येत नाहीत. काकांचं खरं असेल तर अलिबागला तुम्ही मला राणी दिलीत ती मी तयार झाले म्हणून, की तुमचा श्वास संपला म्हणून? आणि तसं असेल तर मी कोणत्या गोष्टीला धरून निघाले आहे? की कारण काहीही असो, नियम तरीही बरोबर होता? मी तीनही बाजूंनी विचार करून बघितला आणि दरवेळी वेगळं उत्तर आलं.

विचुंब्याला देवळासमोर जत्रेचा प्रयोग आहे. मंडळाचे चिटणीस फोनवर म्हणाले, "मॅडम, पब्लिक तुमचंच नाव घेतंय. फ्लेक्स शुक्रवारी छापायला जातो. फोटो कोणाचा टाकू ते सांगा, बाकी मी बघतो." मी राहते म्हटलं तर ती मुलगी काही बोलणार नाही. तिची आई सोसायटीत काय सांगेल, एवढंच. ती चांगली गाते. माझ्यापेक्षा कमी मोजते.

हे पत्र कुठेही पाठवायचं नाही हे मला कळतं. तरी एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ते पद म्हणताना मला दरवेळी तुम्ही दिसायचात, पाटावर बसलेल्या, मान न उचलता ऐकणाऱ्या. बॉयलरचा काटा मनात असला तरी त्याच्या बाजूला तुम्ही असायचात. शनिवारी दुसऱ्यांदा म्हणताना मनात काही नव्हतं. काटा नव्हता, बोटं हलत नव्हती, वरचा सूर कधी आला तेही कळलं नाही. आणि तुमची आठवण झाली नाही, बाई. एकदाही नाही. तेवढं एकच गाणं मला माझं वाटलं, आणि ते मी न जाता परत आले म्हणून झालं, की जाणार होते म्हणून झालं, हे मला ठरवता येत नाही.

चिटणिसांना शुक्रवारी सकाळी सांगायचं आहे. गुरुवारपर्यंत कळवा.