रुद्रप्पाची पेटी आणि माझे कान

सोलापूर,
ता. १९ मार्च १९७६

श्री. सिद्धलिंगप्पा यांस,

शिवपुत्राचा नमस्कार. (तुम्ही वयाने लहान, पण बायकोचे भाऊ; तेव्हा आशीर्वाद द्यायला धजत नाही आणि साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत.) पुण्यात तुमची प्रकृती, तुमच्या कचेरीतली मीटरे आणि वरच्या बिऱ्हाडाशी चाललेला नळाचा वाद, तिन्ही सुस्थितीत असावीत. इकडे तुमच्या भगिनी शांतम्मा खुशाल आहेत. माझेही बरे आहे. कानांबद्दल पुढे येईलच.

तुम्ही दिवाळीत आमच्या शेजारच्या रुद्रप्पाला स्पीकरच्या पेटीचा नकाशा काढून दिलात आणि निर्धास्त मनाने परत गेलात. मागे काय झाले ते कळवणे भाग आहे. रुद्रप्पा दिवसा पॉवरलूमच्या शेडमध्ये मागांची देखभाल करणारा जॉबर आणि संध्याकाळी रेडिओ दुरुस्त करणारा, हे तुम्ही जाणताच. जाणत नसाल ते असे, की श्रीपूरच्या करमणूक मंडळाचे चिटणीस मल्लप्पा यांनी त्याला शब्द दिला होता: पेटी पसंत पडली तर तशा बारा घेऊ. बारा पेट्या झाल्या की शेड सोडायची आणि पेट्याच करायच्या, असे रुद्रप्पाने ठरवले होते. वीस वर्षे त्या खडखडाटात काढलेला माणूस. त्याने हे मला सांगितले तेव्हा आवाज चोरून सांगितले, जणू शेडला ऐकू जाईल.

तुमची योजना मला मनापासून पटली होती. गाण्यातला जाड आवाज आणि बारीक आवाज आधीच वेगळे काढायचे, मोठ्या स्पीकरला एक ॲम्प्लिफायर, छोट्याला दुसरा, आणि सगळा संसार पेटीच्या पोटात. दोन सुनांना दोन चुली देऊन घर एकच ठेवावे तसे. फक्त चुली तापतात, एवढे तुम्ही लिहायला विसरलात. रुद्रप्पाने पेटीत आवाज घुमू नये म्हणून मागावरचा सुताचा कचरा गच्च भरला. पहिल्याच भक्तिगीताला पेटीतून धूर निघाला. शांतम्मांना वाटले आम्ही ऊदही लावला आहे. त्यांनी हात जोडले. मग ॲम्प्लिफायर पाठीमागच्या पत्र्यावर उघडे बसवले, सूत विरळ केले, आणि माघ महिन्यात पेटी न जळता गाऊ लागली.

आता राहिले आवाज जुळवणे. बारीक आवाज किती ठेवायचा यासाठी मागे एक स्क्रू आहे. रुद्रप्पा पेचकस घेऊन मागे, आणि मी समोर खुर्चीत. मला परीक्षक का केले? मी संस्कृत शिकवतो, मुलांचे उच्चार तपासतो, म्हणून माझा कान शुद्ध, असा गल्लीचा समज आहे. (तो मोडायचा मी कधी प्रयत्न केला नाही, हे नमूद करतो.) मी म्हणे, अजून थोडे. रुद्रप्पा पेच फिरवी. मी म्हणे, अजून जरासे. असे आठ दिवस. शेवटी खात्रीसाठी गल्लीतले सहा जण बोलावले. सहाही जण मागावरचे. सगळ्यांनी मान डोलावली आणि आणखी किंचित वाढवायला सांगितले.

हरकत एकाच व्यक्तीने घेतली. रुद्रप्पाची नवी सून दाक्षायणी, मंद्रूपहून येऊन दोन महिने झालेली, चहा ठेवता ठेवता म्हणाली, “काका, कानात दाभण घातल्यागत होतंय की.” मी तिला प्रमाणविचार समजावून सांगितला: आठ श्रोते एक म्हणत असताना एकाचे प्रत्यक्ष ज्ञान हा भ्रम मानावा लागतो. पोरीने ऐकून घेतले आणि कप उचलून आत गेली. हिने गावी फक्त चिमण्या ऐकल्या आहेत, असेही मी तिच्यामागे बोललो. हे वाक्य मला आता परत घ्यायचे आहे, पण वाक्य परत घेण्याची सोय कोणत्याच शास्त्रात नाही.

गेल्या रविवारी मल्लप्पा आले. तबकडी लावली. आम्ही आठही जण तल्लीन. मल्लप्पा थोडा वेळ सौजन्याने बसले, मग पाणी मागितले, मग पाणी प्यायला म्हणून अंगणात गेले आणि तिथेच उभे राहिले. तबकडी संपल्यावर दारातूनच म्हणाले, “रुद्रप्पा, पेटी लई झ्याक केलीस. पर ती बाई गातीया का पत्रा कापतीया?” निघताना त्यांनी पेटीची लाकडी चौकट वाखाणली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रुद्रप्पा डबा घेऊन शेडमध्ये गेला. तो माझ्याकडे बघून हसला, ते मला फार लागले.

कारण सिद्धलिंगप्पा, मला माहीत होते. पौषातच कानाच्या डॉक्टरांनी मला सांगितले होते, की शेजारच्या मागांनी माझे बारीक आवाज नेले आहेत. मुलांचा स आणि श मी आता त्यांच्या ओठांकडे पाहून तपासतो. कान शुद्ध म्हणून खुर्ची मिळाली होती. ती सोडवली नाही.

तुमचा,
शिवपुत्र

ता. क. पत्राचे खरे कारण हे. रुद्रप्पाला एक कार्ड टाका, की नकाशात तुमच्याकडून एक आकडा चुकीचा पडला. तुम्ही लांब आहात, तुमचे काही बिघडणार नाही. मला त्याच्या दारावरून रोज जावे लागते.

दुसरा ता. क. वरचे कार्ड टाकू नका. पत्र टपालात टाकायला निघालो आणि पाय रुद्रप्पाकडेच वळले. सगळे सांगितले. तो पेचकस पुसत राहिला, मग म्हणाला, “गुरुजी, माजे बी गेलेत की. लई दिस झाले. म्हणून तर तुमाला बसवलं.” मल्लप्पांनी दुसरीकडून भोंगे घेतले, हेही त्यानेच सांगितले.

तिसरा ता. क. आता पेचकस दाक्षायणीच्या हाती आहे. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, जरा गप बसा, ऐकू द्या. तिने स्क्रू बराच उलटा फिरवला. मग गाणे मध्येच थांबवून तिने विचारले, गाताना त्या बाईंच्या बांगड्या वाजतात, ते तुम्हाला ऐकू येतं ना? रुद्रप्पाने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही हो म्हणालो.