माझ्या हातचा गहू

१३ जानेवारी, रविवार

शिजवलेला गहू सुकलाच नाही! रात्रभर चादरीवर पसरला होता, तरी ओला. तसाच थापला असता तर वरची साखर विरघळून चर्चच्या दारातच क्रूस खाली बसला असता. पहाटेच उठून पंखा लावला, टॉवेलने टिपत बसले. मग अक्रोड, बेदाणे, डाळिंब. वर फुटाण्याचं पीठ, त्यावर साखर — कागदाने दाबून अगदी गुळगुळीत. चंदेरी साखरगोळ्यांचा क्रूस आणि खाली मेलेल्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर. मेलेल्याच्या नावाने चर्चमध्ये वाटायचा गोड गहू, पण देखणा झाला होता कोलिवा!

आई ताट घेऊन गेली आणि रिकामं घेऊन आली. "सगळ्या म्हणत होत्या — थोदोराबाई, काय चव आहे हो तुमच्या हाताला!"

तुमच्या हाताला! आईचा हात तीन वर्षं कापतोय. कॉफी घेतली की कपबशी वाजते. पण गावाच्या लेखी करणारी तीच.

१४ जानेवारी

अकराला उठले. तोंडात कापूस भरल्यासारखं. रात्रीची गोळी.

१७ जानेवारी

आमच्यासारख्या आजाऱ्यांच्या दिवसकेंद्रातला कार्यकर्ता, लेफ्तेरिस, आला होता. भला माणूस, पण उत्साह फार. त्याच्या उत्साहानेच मी दमते.

"असिमिना, हा तुझा धंदा आहे. तुझ्या नावाने नोंदव ना! तुझ्यासारख्यांना सवलत आहे. मी येतो बरोबर."

हॉटेलच्या धुलाईतली नोकरी करून झाली, सकाळी सातला. बेकरी झाली, पाचला. मालक वाईट नव्हते, सकाळ वाईट होती. गव्हाचं तसं नाही. दुपारी शिजवला तरी तो रागावत नाही. एखादा दिवस नुसती भिंतीकडे बघत पडले, तरी कुणी काढून टाकत नाही. मला जमेल असं जगात हे एकच काम आहे, हे मला कळून चुकलंय.

आईला म्हटलं. ती म्हणाली, "नाव कशाला पाहिजे? मेलेल्यांचं अन्न आहे ते. लोक म्हणतील, वेड्या—" आणि कांदा चिरायला वळली. तोही नीट चिरता येत नाही तिला.

पैसे नकोत असं नाही. पण मला ते वाक्य हवंय. एकदा तरी — असिमिना, काय चव आहे गं तुझ्या हाताला.

२४ जानेवारी

आग्लायाबाई आल्या होत्या. औषधवाल्याची बायको. म्हणजे आता विधवा. नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाचा कोलिवा सांगायला. दारातूनच विचारलं, "ती घरात आहे का?"

आईने मला डोळ्यांनीच आतल्या खोलीत पाठवलं. अडतीस वर्षांची घोडी मी, गेले निमूट. भिंत पातळ आहे.

"वाईट वाटून घेऊ नका, थोदोराबाई. पण तिला गव्हाला हात नाही ना लावू देत?"

"छे हो!"

छे हो! किती सहज! वरचा भाडेकरू खदाखदा हसला. डोक्यातल्या त्या आवाजाला मी वरचा भाडेकरू म्हणते. डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. भाडं कधी दिलं नाही मेल्याने.

३ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू!

चाळिसावा झाला. मीही गेले होते, मागे खांबाशी उभी. दारात कोलिव्याच्या पुड्या वाटत होत्या. आग्लायाबाईंनी तिथेच तोंडात घास टाकला आणि शेजारणीला म्हणाल्या, "अस्सा खाल्ला नव्हता हो! घरात पोरीचं ते तसलं, तरी बाई बघा कशी खंबीर."

आईने हात वर केला. सगळ्यांना दिसेल असा. लटलट कापत होता.

"या हाताने? या हाताने मला सूप पिता येत नाही! तीन वर्षं माझ्या पोरीच्या हातचं खाताय तुम्ही सगळ्या. मेलं का कुणी?"

चर्चच्या दारात! चाळिसाव्याला! कुणीतरी फिस्सकन हसलं. पाद्रीबुवा खोकले. आग्लायाबाईंनी पुडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग बाकीच्यांनीही ठेवल्या, एकीचं बघून दुसरीने.

४ फेब्रुवारी

आईशी बोलत नाही. मला नाव हवं होतं, पण असं नाही — बंदुकीची गोळी झाडल्यासारखं! मला विचारायचं तरी.

"तुलाच हवं होतं ना? घे मग," म्हणाली आणि रडत बसली. मला रडूही येत नाही. तेही रात्रीच्या गोळीत जातं.

७ फेब्रुवारी

तीन फोन. तिन्ही कामं रद्द. एकीची भाची करणार आहे, दुसरीच्या घरी आता साखर चालत नाही. तिसरी खरं बोलली. ती बरी.

१३ फेब्रुवारी

काही नाही.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. "आवाज?"

"आहे."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, मी सांगितलं नव्हतं?"

डॉक्टर हसले नाहीत. गोळी वाढवली. वाढवा! उठून करायचंय तरी काय?

९ मार्च

आत्म्यांचा शनिवार. सगळं गाव आपापल्या मेलेल्यांचा कोलिवा घेऊन चर्चला. दरवर्षी आमच्या घरातून वीसेक ताटं जायची. यंदा एक — बाबांचं. आई म्हणाली, "तूच ने."

नेलं. ताटांच्या रांगेत कडेला ठेवलं. नावं वाचून झाली, सगळे एकमेकांचं चाखत होते. आमच्या ताटाशी कुणी फिरकलं नाही. शेवटी पाद्रीबुवांनी चमचाभर खाल्ला. चावत राहिले. म्हणाले, "डाळिंब कमी पडलंय, पोरी."

खरंच कमी पडलं होतं. घरी येताना मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

१२ मार्च

लेफ्तेरिसचा फोन. इस्पितळाच्या धुलाईत जागा आहे, सकाळी सातला. हो म्हणून टाकलं. धंदा संपला हे आईला सांगायची गरज पडली नाही. तिने गव्हाचं मोठं पातेलं घासून माळ्यावर ठेवलं, माझ्याकडे न बघता.

१५ मार्च

आग्लायाबाई आल्या. मागच्या दाराने. मी आत जायला उठले तर म्हणाल्या, "थांब गं." कोट न काढताच बसल्या. त्यांची धाकटी, ख्रिसुला, पात्रा शहरात शिकत होती. परवा घरी आणलीय. झोपत नाही, खिडक्यांवर ब्लँकेटं बांधते, कुणाशी तरी बोलत असते.

"अशा पोरीला पुढे काही करता येतं का गं? तिचं, स्वतःचं असं?"

आई शेजारीच होती. पण या वेळी मला विचारलं होतं.